ओरिएंट म्हणजे उगवतीकडे तोंड

शेतातून येऊन हातपाय धुऊन बसला असाल, चुलीवर भाजी शिजत असेल. रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. आज आम्ही एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. नुसतं शब्दज्ञान वाढावं म्हणून नाही. या शब्दाचा अर्थ वेळेवर आठवला नाही म्हणून आमच्या हातून एक चूक झाली आणि एका बाईची एक अख्खी रात्र रडण्यात गेली. आधी तीच गोष्ट सांगतो.

आमच्या एका गटातल्या मावशींच्या घरी वाटणी झाली. नवरा वारलेला, शेत सामायिक, दिराशी बोलणं झालं आणि कागद तयार झाला. कागदात लिहिलं होतं की उत्तरेकडचा तुकडा मावशींचा आणि दक्षिणेकडचा दिराचा. सोबत हाताने काढलेला एक कच्चा नकाशा. त्यात वरच्या अर्ध्या भागावर मावशींचं नाव, खालच्या अर्ध्या भागावर दिराचं. विहीर काही नकाशात दाखवलेली नव्हती. सही करायच्या आधी मावशींनी आम्हाला बोलावलं. "ताई, तुमी शिकल्या हा, पाहून सांगा," म्हणाल्या.

आम्ही दोघी-तिघी शेतावर गेलो. पांदणीनं गेलो, धुऱ्यावर उभ्या राहिलो, नकाशा समोर धरला. विहीर अगदी जवळ, आमच्या पायाशीच म्हणा. नकाशात आपल्याकडची बाजू म्हणजे खालची, तिथे दिराचं नाव. लांबची बाजू म्हणजे वरची, तिथे मावशींचं. आम्ही मान हलवून सांगून टाकलं, "मावशी, विहीर दिराकडे गेली. तुमच्याकडे पलीकडचा मुरमाड तुकडा आला."

मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी नळावर जावेशी कडाक्याचं भांडण झालं. दीर बिचारा म्हणत होता, "वहिनी, विहीर तर तुमच्याकडंच हाय," तर त्याला कोणी ऐकूनच घेईना, कारण शिकलेल्या ताईंनी सांगितलं होतं ना!

दुपारी गटातल्या एक आजी आमच्यासोबत शेतावर आल्या. आजींना लिहिता-वाचता येत नाही, अंगठा लावतात. त्यांनी नकाशा पाहिला, आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "या कागदावर उगवती कुठी हाय वं? अगोदर ते सांग."

आम्ही गप्प. कारण ते आम्ही पाहिलंच नव्हतं. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता, त्याच्या टोकाला 'उ' लिहिलेलं. उत्तर वर होती. आणि आम्ही ज्या पांदणीवर उभ्या होतो ती शेताच्या उत्तरेला. म्हणजे आमचं तोंड दक्षिणेकडे होतं आणि कागदाचं तोंड उत्तरेकडे. आजींनी कागद आमच्या हातातून घेतला आणि गर्रकन उलटा फिरवला. झालं. मावशींचं नाव आमच्या पायाशी आलं, विहिरीपाशी.

आम्ही मावशींची माफी मागितली, दिराचीही मागितली. जावा-जावांचं बोलणं सुरू व्हायला मात्र पंधरा दिवस लागले.

तर आजींनी तो कागद जसा फिरवला, त्या क्रियेला इंग्रजीत एक शब्द आहे. ओरिएंट करणे. नकाशा ओरिएंट करणे म्हणजे कागदावरची दिशा आणि जमिनीवरची दिशा एकमेकींशी जुळेपर्यंत कागद फिरवणे. स्वतःला ओरिएंट करणे म्हणजे आपण कुठे उभे आहोत, आपलं तोंड कुणीकडे आहे आणि जायचं कुठे आहे हे ध्यानात घेणे.

आता तुम्ही म्हणाल, हा शब्द तर आम्ही ऐकलाय. ऐकला असणारच. कोणाच्या घरात ओरिएंट कंपनीचा पंखा आहे. पिकाचा किंवा गुरांचा विमा काढताना ओरिएंटल इन्शुरन्स हे नाव कानावर आलं असेल. शहरात भिंतीवर 'जॉब ओरिएंटेड कोर्स' असं रंगवलेलं असतं. आणि आपल्या बचत गटाच्या कामात तर दर थोड्या दिवसांनी निरोप येतो, 'मंगळवारी पंचायत समितीत ओरिएंटेशन आहे, दोन-दोन जणींनी यावे.' उमेदचं असो, माविमचं असो, आरोग्याचं असो, पहिला दिवस ओरिएंटेशनचा. आमच्याकडे तर बायकांनी त्याचा अर्थच लावून टाकलाय की ओरिएंटेशन म्हणजे चहा, बिस्किट आणि सही. हसण्यावारी नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी ते तेवढंच असतं.

पण मूळ शब्द फार साधा आहे आणि तो आपल्या आजींच्या बोलण्याच्या अगदी शेजारचा आहे. युरोपातल्या जुन्या लॅटिन भाषेत 'ओरिरी' म्हणजे उगवणे. त्यावरून 'ओरिएन्स' म्हणजे उगवणारा, म्हणजे सूर्य, आणि तो जिथून वर येतो ती बाजू. थोडक्यात, ओरिएंट म्हणजे उगवती! आपण पूर्व म्हणतो त्याआधी आपल्या तोंडात उगवती येते, तसंच त्यांचं झालं. मावळतीसाठीही त्यांच्याकडे 'ऑक्सिडेंट' असा जोडीचा शब्द होता आणि त्याचं मूळ 'खाली पडणे' असं आहे. आणखी एक गंमत म्हणजे, कुळ किंवा उगम या अर्थाचा 'ओरिजिन' हा शब्दही त्याच 'ओरिरी'चं लेकरू.

पुढे युरोपातले लोक आशियाला, म्हणजे आपल्या सगळ्या मुलखाला, 'ओरिएंट' म्हणू लागले, कारण आपण त्यांच्या उगवतीला राहतो. पुण्याला १९१७ साली सुरू झालेल्या भांडारकर संस्थेच्या नावात 'ओरिएंटल' आहे ते त्यामुळेच. यात थोडी विचित्र गोष्ट आहे, ती आम्हाला खटकते. वर्ध्यात बसून आपण स्वतःला 'पूर्वेकडचे' म्हणायचं, ते कोणाच्या पूर्वेकडचे? नाव ठेवणारा जिथे उभा असतो तिथून तो दिशा मोजतो, एवढं लक्षात ठेवू.

क्रियापद झालं ते फ्रेंच भाषेतून, साधारण अठराव्या शतकात इंग्रजीत आलं. सुरुवातीला त्याचा अर्थ शब्दशः होता, एखादी वस्तू किंवा इमारत पूर्वेकडे तोंड करून बसवणे. जुनी चर्चेस अशी बांधत की वेदी पूर्वेच्या टोकाला यावी. आपल्याकडेही पुष्कळ देवळांची दारं पूर्वेला असतात, ती का हे सांगायला नको. मग अर्थ सैल होत गेला. पूर्वेकडेच नव्हे, कोणत्याही ठरलेल्या दिशेला जुळवून घेणे. आणि पुढे दिशाही सुटली, राहिलं फक्त जुळवून घेणे. नव्या नोकरीत, नव्या गावात, नव्या योजनेत माणसाला जागेवर आणणे म्हणजे ओरिएंटेशन. इंग्लंडात काही जण 'ओरिएंट'ऐवजी 'ओरिएंटेट' म्हणतात. अर्थ तोच, दोन्ही बरोबर. आपल्या मुलीने शाळेत कोणतंही लिहिलं तरी रागावू नका.

सरकारी मराठीत ओरिएंटेशनला कधी 'उद्बोधन' म्हणतात, कधी 'अभिमुखता'. 'उद्बोधन' आम्हाला फारसं आवडत नाही, त्यात कोणीतरी वर उभं राहून खाली बसलेल्यांना जागं करतंय असं वाटतं. 'अभिमुख' बरा, त्यात मुख आहे, तोंड आहे. पण खरं सांगायचं तर आपला घरचा शब्द 'तोंडओळख' यापेक्षा बरा कोणता? कामाची तोंडओळख करून देणे. कोणाकडे तोंड करून बसायचं ते सांगणे.

आता थोडं आपल्या भाषेकडे वळू, कारण इथे आमचा सगळ्यात जास्त जीव रमतो. इंग्रजांनी उगवतीवरून एक शब्द केला. आपल्या भाषेनं तर चारही दिशांची नावं उगवतीकडे तोंड करून ठेवली आहेत. तुम्ही आत्ता उठून उभ्या राहा, सकाळी सूर्य येतो तिकडे तोंड करा. समोर काय आहे? पूर्व. 'पूर्व' या शब्दाचा मूळ अर्थच समोरचा, आधीचा. म्हणून पूर्वज, पूर्वी. तुमच्या पाठीमागे पश्चिम. त्यातला 'पश्च' म्हणजे मागे. म्हणून मागाहून होतो तो पश्चात्ताप. आता तुमचा उजवा हात वर करा. तो कुठे आहे? दक्षिणेला. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा. म्हणूनच देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो, ती प्रदक्षिणा. आणि आपल्या या सगळ्या पठाराला दख्खन म्हणतात, इंग्रज डेक्कन म्हणत, ते दक्षिणेवरूनच. म्हणजे आपण उजव्या हाताच्या मुलखात राहतो. उरली उत्तर. 'उत्तर' म्हणजे वरची, उंचीवरची, जिकडे हिमालय आहे ती. गटात कोणाच्या मुलीचं नाव प्राची असेल तर तिलाही सांगा, प्राची म्हणजे पूर्व, पुढे वळलेली.

सांगायचा मुद्दा हा की, ज्या आजीला नकाशा वाचता येत नाही तिच्या बोलण्यात आख्खा नकाशा असतो. फक्त तो तोंड उगवतीकडे केल्याशिवाय उघडत नाही.

मग कागदावर उत्तर वर का? पूर्व का नाही? तर एके काळी पूर्वही वर असायची. इंग्लंडमध्ये हेरफर्ड नावाच्या गावच्या मोठ्या चर्चमध्ये १३०० च्या सुमाराचा, कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा आहे. त्यात पूर्व वर आहे आणि मधोमध जेरुसलेम. त्याच्याही आधी, ११५४ साली, अल-इद्रिसी या अरबी विद्वानाने नकाशा केला, त्यात दक्षिण वर होती. म्हणजे वर काय ठेवायचं हा रिवाज आहे, निसर्गाचा नियम नाही. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते, ध्रुवतारा उत्तरेला दिसतो, आणि छापील नकाशांत हळूहळू उत्तर वर ठेवायची पद्धत पक्की झाली. आज सरकारी मोजणीचा नकाशा असो की मोबाईलवरचा, बहुतेक वेळा उत्तर वर असते. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही. म्हणून बाण पाहायचा.

नकाशाचा आणि आपल्या जिल्ह्याचा एक जुना संबंध आहे, तो फार जणींना ठाऊक नसतो. इंग्रजांच्या काळात सगळ्या हिंदुस्थानची त्रिकोण पाडून मोजणी सुरू झाली. १८०२ साली मद्रासजवळ पहिली रेषा मोजली गेली. हे काम करणारा अधिकारी विल्यम लॅम्ब्टन. त्याच्याकडे थिओडोलाइट नावाचं कोन मोजायचं यंत्र होतं, ते जवळजवळ अर्धा टन वजनाचं, माणसं लावून डोंगरावर चढवावं लागे. वीस वर्षं हा माणूस दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत मोजत वर सरकत होता. हैदराबादेहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तो कुठे? आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर काम ज्याच्या हाती आलं त्या एव्हरेस्ट साहेबाचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला दिलं, आणि लॅम्ब्टन हिंगणघाटच्या मातीत राहिला.

या लोकांचं पहिलं काम काय असायचं? यंत्र सपाट बसवायचं आणि ताऱ्यांवरून खरी उत्तर दिशा पक्की करायची. दिशा पक्की झाल्याशिवाय पुढचा एकही कोन खरा नाही. एवढा मोठा साहेब जे पहिल्यांदा करी तेच आजींनी पहिल्यांदा विचारलं. आम्ही तेवढं विसरलो.

आता कामाचं. आपल्या हातात कोणकोणते कागद येतात ज्यांना ओरिएंट करावं लागतं?

सातबाऱ्यावर नाव असतं, क्षेत्र असतं, पण शेताचा आकार दिसत नाही. तो दिसतो गट नकाशात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तो मोबाईलवरही पाहता येतो. मोजणी मागवली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीचा नकाशा मिळतो, त्याला 'क' प्रत म्हणतात. आणि खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यांच्यात नकाशा असो-नसो, चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस पांदण रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस अमुक गट क्रमांक. चार ओळी. आपण सहीची जागा शोधतो आणि या चार ओळी कोणी वाचून दाखवत नाही. बायकांच्या बाबतीत तर "तुला काय समजते, इथं कर सही" असंच होतं. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे. पण हक्काचा तुकडा कोणता हे त्या चार ओळींत ठरतं. 'उत्तरेकडील' आणि 'दक्षिणेकडील' या दोन शब्दांत विहीर इकडची तिकडे होते, रस्त्याकडची बाजू जाते, नाल्यात वाहून जाणारी बाजू पदरात पडते.

म्हणून कागद घरात बसून वाचू नका. शेतावर घेऊन जा. शेताच्या मधोमध किंवा ओळखीच्या कोपऱ्यात उभ्या राहा. आधी तोंड उगवतीकडे करा. डावा हात सरळ लांब करा, ती उत्तर. आता नकाशावरचा बाण पाहा आणि बाणाचं टोक डाव्या हाताच्या दिशेला येईपर्यंत कागद फिरवा. कागदावरची अक्षरं आडवी दिसतील, उलटी दिसतील, दिसू द्या. अक्षरं सरळ दिसावीत म्हणून कागद पुन्हा फिरवायचा मोह होतो, आम्हीही तीच चूक केली. वाचून झालं की अक्षरांचं काम संपलं, आता दिशा सांभाळायची. मग एक पक्की खूण शोधा, विहीर, नाला, मोठं झाड नको कारण झाड तोडलं जातं, रस्ता चालेल. ती खूण कागदावर जिथे आहे तिथेच जमिनीवर येते का पाहा. येत असेल तर कागद बसला. मग चारही धुऱ्यांनी चालत जा आणि प्रत्येक बाजूला चतुःसीमेतली ती ओळ मोठ्यानं म्हणवून घ्या. सोबत शेजारचा शेतकरी असेल तर फार चांगलं. शेजाऱ्यांची नावं बदलतात, जमीन विकली जाते, पण पूर्व पूर्वच राहते.

चतुःसीमेत बाजूचा माणूस कोण हे जुळलं नाही, किंवा बोलण्यात ठरलं होतं त्यापेक्षा कागदात दिशा वेगळी निघाली, तर सही करू नका. थांबा म्हणा. थांबा म्हणायला पैसे लागत नाहीत. नंतर दुरुस्ती करायला लागतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही. मार्चच्या वीस-एकवीस तारखेला आणि सप्टेंबरच्या बावीस-तेवीसला तो ठीक पूर्वेला उगवतो. जूनमध्ये तो आपल्याकडे उत्तरेला सुमारे २५ अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. किती म्हणजे किती? हात सरळ लांब करून बोटं ताणली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत जेवढं आभाळ झाकतं, त्याहून थोडंसं जास्त. म्हणून पेरणीच्या दिवसांत उगवतीवरून दिशा धरली तर एक वीत उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सरकून धरा. थंडीत तुरीच्या वेळी एक वीत डावीकडे.

दुपारची सावलीही चालते. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा काठीची सावली सगळ्यात लहान होते, आणि वर्षातले बहुतेक महिने ती उत्तरेकडे पडते. फक्त मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिच्यावर विसंबू नका, तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो.

आणि रात्री? रात्री ध्रुव. सप्तर्षी, ज्याला काही जणी बाज म्हणतात, त्यातल्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेष वाढवत नेली की ध्रुवापाशी पोचते. तो क्षितिजापासून किती वर दिसतो? वर्ध्यात जेमतेम २१ अंश. पुन्हा तीच एक वीत. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात ध्रुव आभाळात उंच असतो, म्हणून आपण त्याला वर शोधत बसतो आणि तो असतो पळसाच्या शेंड्याला.

मोबाईलवाल्या मैत्रिणींसाठी थोडं. नकाशा उघडला की निळा ठिपका दिसतो, तो म्हणजे आपण. ठिपक्याला बॅटरीच्या उजेडासारखा एक पंखा असतो, आपलं तोंड कुणीकडे आहे असं मोबाईलला वाटतं ते तो दाखवतो. 'वाटतं' म्हणालो, कारण लोखंडी कपाटाजवळ, टिनाच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरशेजारी त्याची सुई भरकटते. अशा वेळी थोडं मोकळ्यात या आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग तो ताळ्यावर येतो. आणि तो जेव्हा 'ईशान्येकडे जा' म्हणतो तेव्हा गोंधळू नका. वर्ध्यात उभं राहिलं तर नागपूर ईशान्येला, चंद्रपूर आग्नेयेला, यवतमाळ नैऋत्येला, अमरावती पश्चिमेला जरासं वर. पापड-शेवयांचा स्टॉल लावायला कुठे जायचं असलं की घरातून निघतानाच कोणत्या अंगाला जातोय हे मनात धरा. मग फोनची बॅटरी गेली तरी धीर जात नाही.

दिशेवरून घोटाळा होण्याचं आपल्या रोजचं ठिकाण म्हणजे रेल्वे. दक्षिणेकडून हिंगणघाटमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वर्धा स्टेशनात येतच नाहीत, त्या सेवाग्राम स्टेशनवरून परस्पर जातात. पाहुण्याला "वर्ध्याला उतरा" सांगितलं आणि तो बल्लारपूरच्या गाडीत बसला असला की संपलं. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव होतं वर्धा ईस्ट. नाव बदललं ते चांगलंच झालं, पण जुन्या नावात दिशा होती. वर्ध्याच्या उगवतीला ते स्टेशन, हे नावच सांगायचं.

या शब्दाचा उलटा शब्दही ऐकून ठेवा, डिसओरिएंटेड. त्याला मराठी शब्द शोधायची गरजच नाही, आपल्याकडे चकवा आहे. रात्री जागलीवरून परतताना माणूस तेच ते बांध तुडवत राहतो, गावाचे दिवे दिसतात पण गाव येत नाही. लोक म्हणतात, चकवा लागला. भूतबित काही नसतं. अंधारात दिशा सुटली की पाय आपोआप गोल फिरतात. जुनी माणसं सांगायची, चकवा लागला तर जागेवर बसा, तंबाखू मळा, उजाडू द्या. तंबाखू आम्ही सांगणार नाही, पण बसा हे बरोबर आहे. बसलं की ध्रुव दिसतो, कुत्र्यांचा आवाज कुठून येतो ते कळतं.

दवाखान्यातही हा शब्द भेटतो. डोक्याला मार लागलेला, तापाने बडबडणारा किंवा म्हातारा माणूस भरती केला की डॉक्टर विचारतात, तुमचं नाव काय, आज वार कोणता, आपण आत्ता कुठे आहोत. घरच्यांना राग येतो, 'एवढा आजारी माणूस आणि हे वार विचारून राहिले.' पण ते त्याचं ओरिएंटेशनच तपासत असतात. माणूस, वेळ आणि जागा, तिन्ही सांगता आली तर कागदावर 'ओरिएंटेड' लिहितात. नाही आली तर मेंदूवर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा अशा वेळी रोग्याच्या कानात उत्तर सांगायला जाऊ नका, त्याचं त्याला सांगू द्या. आणि घरी म्हातारी आई अचानक एका दिवसात वार, घर, माणसं विसरायला लागली तर वय झालं म्हणून सोडून न देता डॉक्टरला दाखवा. अंगात पाणी कमी होणं, साखर उतरणं, लघवीचा संसर्ग, अशा बरं होणाऱ्या कारणांनीही असं होतं.

मावशींच्या वाटणीपत्रात शेवटी आम्ही एक वाक्य वाढवून घेतलं. 'उत्तरेकडील, पांदण रस्त्यालगतचा, विहिरीसह' असं. दीर लगेच तयार झाला. सही करायच्या दिवशी मावशींनी कागद हातात घेतला, बाण कुठे आहे विचारलं, दाराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "थांबा, मले आदी फिरू द्या."

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्याकडे शेताचा किंवा घराच्या जागेचा नकाशा आहे त्यांनी तो घेऊन या. बैठक सकाळी ठेवली आहे, नऊ वाजता, समाजमंदिराच्या अंगणात. आत बसायचं नाही.